बिनदाताच्याला माती

सुदर्शनने खड्ड्यासाठी ती जागा निवडली, त्याला कारण एवढंच की बाकीच्या रानात टिकाव चालत नव्हता.

माघ सरत आला होता. कापूस वेचून झाला होता, रानात नुसती वाळलेली पऱ्हाटी उभी होती आणि काळी माती इतकी आवळली होती की टिकाव मारला तर उडून कपाळावर यायचा. सुदर्शनने मधोमध दोन ठिकाणी करून पाहिलं. तळहाताला फोड आले. मग उगवतीच्या बांधाच्या कोपऱ्यात, जुन्या हिवराच्या झाडाअलीकडे, त्याने वैतागून घाव घातला, तर टिकाव दांड्यापर्यंत आत गेला.

"हारिसभाई, इथं या," तो ओरडला. "इथली माती लई गुणाची हाय."

हारिस फुलंब्रीच्या जब्बार मिस्त्रीचा थोरला मुलगा. दोन लेकरांचा बाप, कंपनीचा माणूस, आणि सगळ्या गावाला वैनी-काकी करून बोलणारा. त्याने वाकून माती चिमटीत घेतली. "वा, मस्त. यहीच करू मग. पण एक बात ध्यानात ठेवा सुदर्शनभाऊ, एकदा मोबाईलमधी खड्ड्याची जागा टाकली की ती पक्की. नंतर हलवली तर कोळसा हिशेबात धरत नाहीत."

"हलवायची कामून? बापाचं रान हाय."

हारिसने फोटो काढला, जागा पक्की झाली.

कंपनीचं काम ऐकायला सोपं होतं. पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवून द्यायची ही आमची रीत. तो धूर वर जातो आणि आभाळ तापतं. त्याऐवजी खड्ड्यात थर लावून अशी जाळायची की जाळ वरच्या वर राहील आणि खालची काडी राख न होता कोळसा होईल. मग पाणी ओतायचं, कोळसा कुटून शेणात कालवायचा आणि रानात गाडायचा. जो धूर आभाळात जायचा तो मातीत अडकला. तेवढा धूर मग सातासमुद्रापलीकडचा कुठला तरी कारखाना आपल्या हिशेबातून वजा करणार. पारावर यावर बरीच चर्चा झाली. पाप त्यांचं आणि गंगेत बुडी आपली, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पण चार पैसे मिळणार होते, रानाला खत होणार होतं, आणि सुदर्शनचा खड्डा गावातला पहिला म्हणून परदेशी पाहुणे तोच पाहायला येणार होते. सुदर्शन त्या आठवड्यात जरा ताठ चालत होता. चालू दे बिचारा, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या गोष्टीत पहिला आला होता.

उपटायचं काम सुरेखाचं. पऱ्हाटी बुडात लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यात धरायची, दांड्यावर सगळं अंग टाकायचं आणि मूळ सुटलं की फेकायची. दिवसभरात कंबरेचा काटा ढिला व्हायचा. मागून सासू, सारजाबाई, पेंढ्या बांधत यायची. सुरेखा सुदर्शनची बायको, अंगाने सडसडीत, बोलायला कमी. तिला तीन पावसाळ्यांमागे मुलगी झाली होती. बारशाच्या आधीच तापाने गेली. तेव्हापासून तिची कूस भरली नव्हती, आणि तिच्यासमोर कुणी तो विषय काढत नव्हतं.

पहिला जाळ दुपारी पेटला. हारिस कडेला उभा राहून सांगत होता, "थोडी थोडी टाका. राख दिसली की वरून नवा थर. आगीवर आगच पाहिजे." सुरेखा पेंढी सोडून काड्या टाकत होती. जाळ एकसारखा चढला. वारा मावळतीकडून होता, धूर बांधाकडे जायला पाहिजे होता, पण तो वळून वळून सुरेखाच्या तोंडाकडे येत होता. ती जागा बदलायची, धूर मागोमाग.

"धूर मेला तुझ्याच मागं लागलाय," सारजाबाई म्हणाली.

सुरेखाने पदर नाकाला लावला आणि तेव्हाच तिला छातीत कळ आली. ओळखीची कळ. आतून बारीक सुया टोचाव्यात आणि मग ऊब उतरावी तशी. तिने खाली पाहिलं. पोलक्यावर दोन्हीकडे ओले गोल उमटत होते.

ती मटकन खाली बसली.

"काय झालं गं?"

"चक्कर आली," ती म्हणाली आणि पदर गच्च लपेटून घेतला. तीन वर्षांनी पान्हा फुटला होता. त्या वेळी सासूने मोगऱ्याची फुलं बांधून आटवलेलं दूध, आता कोणासाठी आलं होतं? तिला रडू आलं नाही, भीती वाटली.

संध्याकाळी सुदर्शनने टाकीतून पाणी ओतलं. खड्ड्यात पाणी पडलं की चर्र वाजतं, वाफेचा लोट येतो आणि पाणी थोडा वेळ तरी वर थांबतं. इथं थांबलं नाही. जितकं ओतावं तितकं खाली गेलं. शेवटी सुरेखाने घागरीवर घागरी आणल्या. त्याही खड्डा पिऊन गेला आणि तरी सकाळी कोळशाला हात लावला तर तो गरमच होता.

"माती भुसभुशीत हाय म्हणून," हारिस म्हणाला. पण त्याने खड्ड्याच्या कडेला हात टेकवला, पटकन उचलला आणि रुमालाला पुसला.

दुसऱ्या जाळालाही सुरेखाला तसाच पान्हा फुटला, तिसऱ्यालाही. घरी, चुलीपुढे, पाणवठ्यावर, कुठेच काही नाही. त्या कोपऱ्यात गेली की छाती भरून यायची. सुरेखा आता पोलक्याच्या आत फडक्याची घडी घालून शेतात जायची. त्यांची एक शेळी होती, ती दावं तोडून खड्ड्याच्या काठावर जाऊन बसायची. हाकलली तरी फिरून तिथंच, पोट मातीला लावून. सुरेखाच्या डोक्यात एक विचार दाराशी येऊन उभा राहायचा. ती त्याला आत घ्यायची नाही. दुसरं काही काम काढायची.

कारण आमच्याकडे रीत आहे. दात आलेल्याला आग, बिनदाताच्याला माती. तान्हं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. बाया जात नाहीत, घरातला एक कर्ता पुरुष आणि सोबतीला एखादा, एवढेच जातात. वर दगड ठेवत नाहीत, खूण करत नाहीत. आणि जागा आईला कधीच सांगत नाहीत. आईला जागा कळली की तिचे पाय तिकडे वळतात, आणि आई येऊन उशाशी बसली की लेकरू उठायचं विसरतं. जागा कळली नाही तर ते वाट शोधत निघतं आणि फिरून त्याच कुशीत येतं. खरं की खोटं ते ज्याचं त्याने ठरवावं. आमच्यातल्या कित्येक बाया या एका गोष्टीवर पुढचा पावसाळा काढतात.

सुरेखाची मुलगी गेली तेव्हा सुदर्शन मक्याचा ट्रक घेऊन गुजरातेत होता. गिरजा नदीला पूर आलेला. सासरा बन्सी आणि त्याचा जोडीदार सांडू, दोघेच पोत्याचं घोंगतं घेऊन भर पावसात गेले. सांडू मागच्या साली वारला. सुदर्शनला बन्सीने जागा सांगितली नाही, कारण नवऱ्याच्या पोटातली गोष्ट अंथरुणावर पडेपर्यंतच टिकते. म्हणजे जागा ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, बन्सी. आणि तो गावात नव्हता. जावयाचा पाय मोडला म्हणून फर्दापूरला, लेण्यांच्या पायथ्याशी त्याचं रसाचं दुकान सांभाळायला गेला होता.

तो परत आला त्या दिवशी चौथा जाळ चालू होता.

बस रस्त्यावर सोडते तिथून शेत दिसतं. बन्सी पिशवी घेऊन उतरला आणि धूर पाहिला. म्हाताऱ्याची चाल तशी डुलत डुलत असते. त्या दिवशी तो ढेकळांतून पळत आला. एक वहाण मागेच राहिली. खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला आणि जाळाकडे पाहतच राहिला. तोंड उघडं, टोपी हातात.

"कसं हाय दादा?" सुदर्शन छाती काढून म्हणाला. "कंपनीचं हाय. धूर बघा, जवळजवळ नायच."

"ही जागा कुणी धरली?"

"मीच. बाकी रान दगडावाणी झालंय. इथली माती मऊ लागली."

बन्सीने सुनेकडे पाहिलं. सुरेखा काड्यांची पेंढी छातीशी धरून उभी होती. त्याने नजर काढून घेतली आणि खाली बसला.

"मऊ लागणारच," तो पुटपुटला.

"काय म्हणता?"

"काय नाय. इझवा ते."

"अजून निम्मी पऱ्हाटी टाकायची हाय!"

बन्सीला सुनेसमोर कारण सांगता येत नव्हतं आणि कारणाशिवाय जाळ विझत नव्हता. तो घरी गेला. रात्रीची भाकरी त्याने तशीच ठेवली. सारजाबाई विचारून विचारून थकली. तिलाही तो काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर खड्डा बुजलेला. काठाची माती आत लोटलेली, वर हातांचे ठसे.

सुदर्शनने शिव्या देत पुन्हा उकरला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा बुजलेला. आता गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, जमिनीच्या पोटात आग घातली, ती काय गप बसंल? कुणी म्हणालं, हिवराखाली काहीतरी आहे, आम्हाला आधीच ठाऊक होतं. काही घडून गेलं की आधी ठाऊक असणारी माणसं आमच्या गावात पुष्कळ आहेत. हारिस आला, बुजलेला खड्डा पाहून त्याचं तोंड उतरलं. "पाहुणे परवा येतात सुदर्शनभाऊ. काय भी करून खड्डा खुला पाहिजे."

सुदर्शनला एकच माणूस दिसत होता. चुलतभाऊ विश्वजीत. त्याचं रान बांधाला लागून, त्याचाही खड्डा मागच्याच आठवड्यात झालेला, आणि पाहुणे आपल्याकडे यावेत म्हणून तो हारिसच्या मागेमागे फिरत होता. भाऊबंदकीला आणखी काय पुरावा लागतो?

सुरेखाला मात्र विश्वजीत खरा वाटेना. त्या हातांच्या ठशांत एक बोट आखूड होतं.

सुदर्शनने खड्डा पुन्हा उकरला. दुसऱ्या पहाटे ती शेळीला पाला आणायच्या निमित्ताने लवकर निघाली. झुंजुमुंजू झालं होतं. थंडी होती, पायांना ढेकळं गार लागत होती. बांधाशी आली तेव्हा तिला आवाज ऐकू आला. माती सरकल्याचा, आणि त्यातच कुणीतरी हळू आवाजात बोलल्याचा. ती हिवराच्या आड थांबली.

बन्सी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी, त्या आखूड बोटासकट, खड्ड्यात माती लोटत होता. फावडं बाजूला पडलं होतं, ते त्याने घेतलं नव्हतं. हातानेच, हलक्या हाताने, तान्ह्याला पांघरूण घालतात तसं. आणि बोलत होता.

"चुकलं गं बाई माझं. मी गावात नव्हतो. मी असतो तर लावू दिली नसती आग. निज. निज आता."

सुरेखाने तोंडात पदर कोंबला. दाराशी उभा असलेला विचार आत आला आणि घरभर झाला. चार वेळा. तिने स्वतःच्या हाताने चार वेळा तिथं आग लावली होती. काड्या टाकल्या होत्या, राख दिसली की वरून नवा थर. पोलकं भिजलं, फडकं भिजलं, पोटापर्यंत ओघळ आला. ती मागच्या मागे वळली आणि पाला न आणताच घरी आली. आणि वाटेत तिला उमगलं, की आपल्याला जागा कळली.

ती मनाशी म्हणत राहिली, मला काही माहीत नाही. कुणी सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे कळलं नाही.

दिवस वर आल्यावर सुदर्शन शेतात गेला आणि बुजलेला खड्डा पाहून कुऱ्हाडीचा दांडा घेऊन थेट विश्वजीतच्या रानात घुसला. बाया ओरडत धावल्या. हारिस मोटरसायकल टाकून मध्ये पडला. विश्वजीत मागे सरत होता, "पोराची आण घेतो, मी हात बी लावला नाय!" आणि सुदर्शन दांडा उचलत होता. बन्सी धापा टाकत बांध ओलांडून आला. त्याचे ओठ हलत होते. तो आता सांगणार हे सुरेखाच्या लक्षात आलं. भावाभावात रक्त सांडण्यापेक्षा तो सांगून टाकणार होता, सगळ्यांसमोर, तिच्यासमोर.

"मी बुजवला," सुरेखा म्हणाली.

सगळे थांबले.

"तू?" सुदर्शनचा दांडा खाली आला. "कामून?"

"माझ्या मनाला आलं म्हणून."

"दोनदा? आन् आज तिसऱ्यांदा? मनाला आलं म्हणून?"

"व्हय."

त्याने तिच्या कानाखाली मारली. भाऊबंदांसमोर, परक्या माणसासमोर, विश्वजीतची बायको दात काढून पाहत असताना. सुरेखाच्या कानातलं तुटून ढेकळात पडलं. तिने ते उचललं नाही. सुदर्शनचा हात त्याच्याच तोंडावर गेला, कारण त्याने तिला आजवर बोटही लावलं नव्हतं.

बन्सी सुनेकडे पाहत होता. तिला कळलंय, हे त्याला कळलं. त्याचं तोंड पडलं. सुटका झाल्याचा लवलेश त्यावर नव्हता. तीन वर्षं जीभ चावून जे राखलं होतं ते गेलं होतं.

"सुदर्शन," तो म्हणाला, "त्या कोपऱ्यात आता खड्डा व्हणार नाय."

"दादा, तुम्ही बी? पाहुणे उद्या येतेत!"

"सातबारा माझ्या नावानं हाय. मी मेल्यावर काय खणायचं ते खण."

सुदर्शनने रागाने मधल्या दगडी रानात दुसरा खड्डा काढला. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत टिकाव उडत होता. हात सोलून निघाले. बायकोला त्याने पाणी मागितलं नाही, तिने नेऊन ठेवलं ते प्यायला मात्र.

पाहुणे दुसऱ्या दिवशी गाडीतून आले. एक गोरा उंच माणूस, त्याच्यासोबत शहरातल्या अमृता मॅडम. मॅडम मराठीच, बोलायला गोड. हारिसने मोबाईल उघडला. खड्डा रानाच्या मधोमध, मोबाईलमधला ठिपका उगवतीच्या कोपऱ्यात. मॅडमने दोनदा पाहिलं, मग गोऱ्या माणसाला काहीतरी सांगितलं. तो मान हलवत राहिला.

"दादा," मॅडम सुदर्शनला म्हणाल्या, "इथं झालेला कोळसा धरता येणार नाही. आणि आधीचाही प्रश्नच आहे. जागा का बदलली?"

सुदर्शनने मान खाली घातली. विश्वजीतची बायको बांधावरून म्हणाली, "वैनीच्या डोक्यात जरा फरक पडलाय मॅडम. लेकरू गेल्यापासून."

मॅडमने सुरेखाकडे दयेने पाहिलं. ती दया सुरेखाला थपडेपेक्षा जास्त लागली. मग मॅडम सगळ्यांना समजावून सांगू लागल्या, हातात कोळशाचा तुकडा घेऊन. "पालापाचोळा कुजतो, मातीचा होतो, पुन्हा हवेत जातो, पुन्हा झाडात येतो. हे चक्र. कोळसा यातून सुटतो. हा कुजत नाही. जिथं पुरला तिथंच राहतो, हजार वर्षं हलत नाही. म्हणून तर याला किंमत."

बाया नवल करत होत्या. पाहुणे विश्वजीतच्या खड्ड्याकडे निघाल्यावर सुरेखाने हारिसला गाठलं.

"हारिसभाऊ, जे तसं जळलं ते परत कधीच निघत नाय?"

"नाय वैनी," हारिस म्हणाला. त्याला वाटलं ती कामाचं विचारतेय, म्हणून धीर देत म्हणाला, "बेफिकर राहा. गेलं ते वापस येतच नाय. ग्यारंटी हाय."

त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. सारजाबाईने दृष्ट काढली, मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या. सुदर्शन तुटलेलं कानातलं ढेकळांतून शोधून शहरातून सांधून घेऊन आला आणि न बोलता तिच्या उशाशी ठेवून दिलं. तिने ते घातलंही. पण रोज पाणी भरून झालं की तिचे पाय आपोआप शेताकडे वळायचे. पाहिजे तर स्वतःच्याच रानात जाते म्हणावं. ती त्या कोपऱ्यात जाऊन बसायची. चैत्र आला, खड्डा बुजून कितीतरी दिवस झाले, तरी माती तिथं अंगाइतकी कोमट होती, पहाटेसुद्धा. शेळी येऊन शेजारी बसायची. आणि पान्हा यायचा. सुरेखा आता फडकं घालत नव्हती.

एकदा बन्सी औताची दोरी घेऊन तिथून चालला होता. तिला बसलेली पाहून थबकला.

"मामा, एक इचारू?" तिने मातीवर हात फिरवत विचारलं. "जमिनीत आग किती खोल जाती?"

बन्सीने दोरीचा पीळ चाचपला. "मांडीइतका खड्डा असंल तर त्याच्याखाली चारदोन बोटं. त्याच्याखाली माती थंड असती."

विचारायचं होतं ते तिला विचारता येत नव्हतं. बन्सी दोन पावलं गेला आणि तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "मी खड्डा घेतो तर छातीइतका घेतो. कशाचाबी. पाऊस असो, पूर असो. सांडू लई बोलायचा मला त्याच्यावरून."

सुरेखाने तोंडावर पदर घेतला आणि मोकळी रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आग पोचली नव्हती. बन्सी तसाच पाठमोरा उभा राहिला, तिचं रडू संपेपर्यंत. मग म्हणाला, "सूनबाई, आता इथं येत जाऊ नको."

"सवय लागलीय मामा."

"तेच तर."

मृगात सरकी टोकायला सगळं घर रानात होतं. सुदर्शन पुढे काकऱ्या पाडत होता, मागे सारजाबाई आणि सुरेखा वाकून दोन दोन दाणे टाकत, पायाने माती लोटत चालल्या होत्या. सुरेखाची ओळ उगवतीच्या कोपऱ्यात शिरली. तिने मनाशी ठरवलं होतं, थांबायचं नाही. पाऊस होऊन गेला होता, सगळं रान गार झालं होतं. तिथं पाय टाकला तर ऊब. आणि छातीत कळ, आणि पोलकं ओलं.

तिला आनंद झाला. हे लपवून काय करायचं, झाला. लेक अजून आहे, आपल्याला ओळखते, आपण आलो की जागी होते. आणि त्या आनंदातच तिचे पाय थांबले. आग पोचली नाही, कोळसा झाला नाही. मग अजून इथं का? तीन पावसाळे झाले, चौथा आला. कोण बसून राहिलंय तिच्या उशाशी रोज?

तिने मुठीतली सरकी सासूच्या ओटीत टाकली.

"आत्याबाई, ही ओळ तुम्ही न्या."

"आन् तू कुठं निघालीस?"

"मी या रानात नाय येणार."

ती बांध उतरून गेली ती खरंच पुन्हा आली नाही. सुदर्शनने समजावलं, रागावला, शेवटी हात टेकले. सारजाबाईने शेजारणींपुढे कपाळ बडवलं. बन्सीने मात्र दुसऱ्या दिवशी सुनेच्या भाकरीचं फडकं स्वतः बांधून दिलं. सुरेखा आता दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते. स्वतःचं निंदायला पडलंय आणि ही लोकाचं खुरपते, म्हणून गाव हसतं. आणि कामाच्या हंगामात मिळेल ते रान घ्यावं लागतं, त्यात विश्वजीतचंही आलं, जिथं तिने मार खाल्ला तेच.

श्रावणात तिथं खुरपण चाललं होतं. बाया एका ओळीने बसून सरकत होत्या. सगळ्यांची तोंडं मावळतीकडे, सुरेखाचं एकटीचं उलटं. बांधापलीकडे तिच्या रानाचा कोपरा हिरवागार झाला होता, बाकीच्या रानापेक्षा तिथली कपाशी हातभर उंच. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं.

"इकडं तोंड कर की गं," विश्वजीतची बायको म्हणाली. "डोळे फुटतील उन्हानं. आन् तुझी कपाशी तरी बघ, कशी आलीय."

"नको," सुरेखा खुरपं चालवत म्हणाली. "मी बघितलं की ती थांबती."

कोण थांबते, हे कुणी विचारलं नाही. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि ओळ पुढे सरकली.